डुकरांची बँक

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याचा डेल्टा म्हणजे नजर जाईल तिथवर सपाट जमीन आणि कापूस. इथल्या सनफ्लॉवर काउंटीत अर्धेलीनं शेती करणाऱ्या एका काळ्या कुटुंबात नागरी हक्कांसाठी लढलेल्या फॅनी लू हेमर वाढल्या, वीस भावंडांतलं शेंडेफळ. सहा वर्षांच्या असताना मळ्याचा मालक येऊन म्हणाला, कापूस वेचशील का गं, आठवड्यात 30 पाउंड वेचलास तर दुकानातला खाऊ देतो. साडेतेरा किलो झाले हो, एवढ्याशा पोरीनं! तिनं वेचला. मग 60 मागितले. खाऊ संपला, वेचणी काही सुटली नाही.

वडिलांनी पुढं पै पै साठवून तीन खेचरं घेतली, जमीन खंडानं घेतली, आता यंदापासून अर्धेली नाही असं घरात बोलणं सुरू झालं आणि एका रात्री कुणा गोऱ्या माणसानं गव्हाणीतल्या चाऱ्यात पॅरिस ग्रीन कालवलं, पिकावरची कीड मारायचं विष. जाऊन बघतात तर एक खेचर मेलेलं, बाकीच्यांची पोटं टम्म फुगलेली. घर पुन्हा वर आलंच नाही.

1962 मध्ये फॅनी लू मतदार नोंदणीला गेल्या आणि त्याच दिवशी 18 वर्षं राबलेल्या मळ्यातून बाहेर. डेल्टात असंच चालायचं, मताचा हक्क मागितला की आधी चूल बंद.

म्हणून त्यांनी आधी चुलीकडंच बघितलं. नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या काळ्या स्त्रियांच्या संघटनेच्या मदतीनं डुकरांची बँक काढली: घरटी एक मादी न्यायची, ती व्याली की दोन पिल्लं बँकेत परत, बाकीची तुमची. व्याजबिज काही नाही. परसात डुक्कर आणि भाजी असेल तर तुम्हाला कुणी ढकलू शकत नाही, असं त्या सांगायच्या. मग 1969 ला 40 एकरांवर फ्रीडम फार्म हा सहकारी मळा, वाढत वाढत सहाशे एकरांच्या पुढं गेला.

टिकला नाही. पैसा आटला, पिकं बुडाली, कर थकला, सत्तरच्या दशकाच्या मध्यात जमीन गेली. देशभर तेच सुरू होतं म्हणा, 1920 मध्ये अमेरिकेत सव्वानऊ लाख काळे शेतकरी होते, आज 50 हजारही भरत नाहीत. सरकारी शेती खातं कर्ज देताना भेदभाव करतं म्हणून काळे शेतकरी कोर्टात गेले, 1999 ला तडजोड झाली, पण तोवर कितीजणांची जमीन गेलेली.

फॅनी लू 1977 च्या मार्चमध्ये गेल्या. रूलव्हिलला त्यांची कबर आहे, फ्रीडम फार्मच्याच जमिनीच्या एका तुकड्यावर.