निकालानंतर सापडलेला कागद

(रत्नागिरी येथील व्याख्यानाचा संपादित भाग)

मिरकरवाडा बंदरातील एका खलाशाचे कल्पित उदाहरण घेऊ. खुनाच्या रात्री आपण समुद्रावर होतो, हे त्याचे म्हणणे सत्र न्यायालयाला पटले नाही आणि त्याला जन्मठेप झाली. पुढे काही वर्षांनी मच्छीमार सोसायटीच्या दप्तरात त्या दिवशीची डिझेलची पावती आणि नौकेवरील माणसांची यादी सापडली, तर तिचा उपयोग काय? पावतीत काय लिहिले आहे याइतकेच, ती सापडली तेव्हा अपील प्रलंबित होते की नाही, यालाही कायद्यात महत्त्व आहे.

उच्च न्यायालयात अपील करण्याची मुदत 60 दिवसांची आहे. सबळ कारण असेल तर विलंब माफ होतो. आपल्या जिल्ह्याचे कागद पूर्वी मुंबईला जात, 18 ऑगस्ट 2025 पासून ते आंबा घाट चढून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे जातात. अपील जिवंत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 432, जे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील क्रमांकाने जुन्या वकिलांच्या तोंडी अजून 391च आहे, त्याखाली न्यायालय कारणे नोंदवून जास्तीचा पुरावा स्वतः घेऊ शकते किंवा सत्र न्यायालयाला घ्यायला सांगू शकते. मात्र हे कलम खटल्यातील ढिलाई झाकण्यासाठी नाही, असे न्यायालये वारंवार बजावतात. म्हणून ‘हा कागद तेव्हाच का आणला नाही?’ या प्रश्नाचे उत्तर शपथपत्रात आधीच द्यावे. सोसायटीचा सचिव साक्षीला येईल आणि त्याची उलटतपासणी होईल, हेही गृहीत धरावे.

अपिले संपली की चित्र पालटते. याच संहितेच्या कलम 403 प्रमाणे सही झालेल्या निकालात लेखनिक किंवा आकडेमोडीच्या चुकीखेरीज बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयात फेरविचार मागता येतो, पण फौजदारी प्रकरणात तो अभिलेखावर उघड दिसणाऱ्या चुकीपुरताच. इथे मला एक विसंगती खटकते. आंब्याच्या कलमांच्या बागेच्या बांधावरून चाललेल्या दाव्यात, प्रयत्न करूनही आधी न मिळालेला फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची महसुली नोंद, नंतर हाती आला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 47 खाली तेवढ्या कारणावर फेरविचार मागता येतो. माणसाच्या जन्मठेपेबाबत मात्र तशी सोय नाही. अपवाद आहे तो वयाचा. गुन्ह्याच्या वेळी आपण अल्पवयीन होतो, हा दावा बाल न्याय अधिनियमाच्या कलम 9 प्रमाणे अंतिम निकालानंतरही करता येतो. पुण्यातील 1994 च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक जण शाळेच्या नोंदीवरून तेव्हा साडेबारा वर्षांचा ठरला आणि मार्च 2023 मध्ये, 28 वर्षांहून अधिक तुरुंगवासानंतर, सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. वय सिद्ध करायला उशीर चालतो, निर्दोषत्व सिद्ध करायला चालत नाही.

अपिले संपल्यावर पावती सापडली, तर आपल्या खलाशापुढे प्रामुख्याने राज्यघटनेच्या अनुच्छेद 161 खाली राज्यपालांकडे दयेचा अर्ज करण्याचा मार्ग उरतो. जो गुन्हा आपण केलाच नाही त्यासाठी दया कोणत्या शब्दांत मागावी, याचा मसुदा इतक्या वर्षांच्या वकिलीनंतरही मला जमलेला नाही.