शिळ्या बातमीला जागा नाही

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘ब्रिटनची लढाई ब्रिटनने कशी जिंकली’, म्हणजे १९४० साली जर्मन विमानांशी इंग्लंडच्या आकाशात झालेली लढाई. त्यावर येतोच. पण आधी एका घड्याळाबद्दल बोलू द्या. आमच्या घरी हे घड्याळ ऐकायला आता कुणी उरलेलं नाही.

लंडनच्या पश्चिमेला अक्सब्रिजला जमिनीखाली साठ फुटांवर एक खोली आहे. १९४० साली आग्नेय इंग्लंडचं आकाश सांभाळणाऱ्या, ब्रिटिश हवाई दलाच्या ११ नंबर ग्रुपची ही ऑपरेशन्स रूम. पायऱ्या ७६. उतरताना त्या मोजाव्याशा वाटतात, चढताना त्या आपल्याला मोजतात. आम्ही चौघे गेलो होतो. त्यातले दोघे बाहेरच्या स्पिटफायर या लढाऊ विमानापाशीच रमले, फोटो काढत. तीसुद्धा प्रतिकृती! माझी जुनी तक्रार हीच आहे. विमान दिसलं की माणसं तिथेच थांबतात, तेही स्पिटफायरच. त्या लढाईत जास्त विमानं पाडली हरिकेनने, पण तिच्याकडे कोण बघतो? असो.

तर घड्याळ. तबकडीवर पाच-पाच मिनिटांचे त्रिकोण रंगवलेले: लाल, पिवळा, निळा, पुन्हा लाल. खाली नकाशाचं भलंमोठं टेबल आणि त्याभोवती कानाला हेडफोन लावलेल्या, विशी-बाविशीच्या मुली. शत्रूच्या विमानांची खबर आली की मिनिटकाटा ज्या रंगावर असेल त्या रंगाचा बाण दांडीने नकाशावर सरकवायचा. वर सज्जात बसलेल्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळायचं, कुठली खबर ताजी, कुठली शिळी. पंधरा मिनिटांनी तोच रंग परत येतो, म्हणजे त्याआधी जुना बाण उचलायलाच हवा. नाहीतर शिळी खबर ताजी म्हणून खपायची. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपला हे घड्याळ लावलं तर काय उरेल? हसू नका, सगळ्यात जास्त फॉरवर्ड पहिल्या रांगेतून येतात.

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं.

तर मूळ मुद्दा. रडार जर्मनांकडेही होतं. इंग्रजांकडे रडारच्या मागे टेलिफोनची तार होती. किनाऱ्यावरचं रडार आणि दुर्बीण घेऊन बसलेले निरीक्षक यांच्या खबरा येत. रडारच्या खबरा आधी बेंटली प्रायरीला, म्हणजे लढाऊ विमानदलाच्या मुख्यालयात, चाळल्या जात, मग सगळं अशा टेबलांवर उतरे आणि तिथून वैमानिकांना हुकूम जाई. त्यामुळे आकाशात उगाच घिरट्या घालून पेट्रोल आणि माणसं दमवावी लागली नाहीत.

१५ सप्टेंबरला चर्चिल त्याच सज्जात बसले होते. राखीव विमानं किती, असं त्यांनी ११ नंबर ग्रुपचे प्रमुख कीथ पार्क यांना विचारलं. उत्तर आलं, एकही नाही. त्या दिवशी जर्मनांची १८५ विमानं पाडल्याचं जाहीर झालं. युद्धानंतर जर्मन कागद तपासले तेव्हा आकडा साठाच्या आसपास आला. टेबलावरचा बाण पंधरा मिनिटांत उचलणाऱ्या देशात १८५ हा आकडा मात्र वर्षानुवर्षं तसाच राहिला. आणि वर्ष संपायच्या आत लढाऊ विमानदलाचे प्रमुख डाउडिंग आणि पार्क, दोघांनाही त्या जागांवरून हलवलं. त्यावर खरं तर वेगळं व्याख्यान हवं.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं, कॅपेल-ल-फर्नचं या लढाईचं स्मारक राहिलंच. कड्यावर एक तरुण वैमानिक दगडात बसलाय, समुद्राकडे तोंड करून. तिथे गेलात तर आधी त्याच्या पाठीमागे उभे राहा आणि तो बघतोय तिकडे बघा. फोटो नंतर.