किल्ला रेखीव, समुद्र पुसलेला

(दृश्य: हर्णै बंदर. कनकदुर्गावरचा दीपगृहाचा मनोरा, पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग.)

जांभ्याच्या गडग्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवलाय. वर दगड, कारण वारा. डब्याला भिंग नाही, बटण नाही. समोर ०.४ मिलिमीटरचं छिद्र, त्यावर काळी चिकटपट्टी, आणि आत, छिद्रापासून १० सेंटिमीटरवर, फोटो पेपर. पट्टी काढली की चित्र उमटायला लागतं, लावली की थांबतं. एवढाच हा पिनहोल कॅमेरा.

याचे फोटो धूसर येतात. कुणी त्यावर भाळतं, कुणी हसतं. पण त्या धूसरपणात दोन वेगळे प्रकार मिसळलेले असतात, आणि ते वेगळे ओळखले नाहीत तर माणूस नको तिथे दुरुस्ती करत बसतो.

पहिला प्रकार छिद्राचा. समोरच्या प्रत्येक बिंदूचा कागदावर साधारण छिद्राएवढा ठिपका पडतो. आपल्या डब्यात छिद्र आणि अंतर यांचं प्रमाण आहे एकास अडीचशे. म्हणजे २५० मीटरवर नांगरलेल्या होडीवर एक मीटरपेक्षा लहान असलेलं काहीच सुटं दिसणार नाही. होडीवरचं नाव गेलं, तांडेलाचा चेहराही गेला.

मग छिद्र आणखी बारीक करावं? सगळ्यांना हेच सुचतं. पण प्रकाश लाटेसारखा वागतो. वाट फारच अरुंद झाली की तो कडेपाशी पसरतो, आणि ठिपका लहान होण्याऐवजी मोठा होतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९१ मध्ये पिनहोल छायाचित्रणावर शोधनिबंध लिहून याचा हिशोब मांडला. छिद्र ते कागद हे अंतर गुणिले प्रकाशाची तरंगलांबी, त्याचं वर्गमूळ, आणि त्याच्या १.९ पट: छिद्राचा व्यास साधारण एवढा असावा. १० सेंटिमीटरला हिरव्या प्रकाशासाठी ०.४५ मिलिमीटर येतो. फोटो पेपर मात्र मुख्यतः निळा-जांभळा प्रकाश पकडतो, आणि त्याची तरंगलांबी कमी. म्हणून आपण ०.४ वर थांबलो.

(दृश्य: सुई, पॉलिश पेपर, थंड पेयाच्या कॅनचा कापलेला पत्रा.)

छिद्राची कड मात्र स्वच्छ हवी. सुईने टोचल्यावर मागे उठलेली धार पॉलिश पेपरने घासून काढायची. पत्रा ॲल्युमिनियमचा घ्यायचा. खाऱ्या हवेत लोखंडी पत्र्याच्या छिद्राला गंज धरतो आणि गोल छिद्र दातेरी होतं. या कॅमेऱ्यात फोकस नावाची भानगडच नाही. समोरचं केवड्याचं बन आणि दूरचा बुरूज जवळपास सारखेच स्पष्ट. किंवा सारखेच अस्पष्ट, जसं बघाल तसं.

धूसरपणाचा दुसरा प्रकार वेळेचा.

आपलं छिद्र म्हणजे छायाचित्रकारांच्या भाषेत एफ २५०, कारण कागदाचं अंतर छिद्राच्या २५० पट. फिल्म प्रकाश किती चटकन पकडते ते आयएसओच्या आकड्यात मोजतात; आकडा लहान, तितकी ती मंद. भर उन्हात, आयएसओ १०० च्या फिल्मला अडीच सेकंद लागतील. फोटो पेपर त्याहून कितीतरी मंद. आयएसओ ६ धरला तर ४० ते ४५ सेकंद. तेवढ्यात चार-पाच लाटा येऊन फुटतात आणि एकमेकींवर छापल्या जातात. बुरूज जागचा हलत नाही, म्हणून तो छिद्र देईल तेवढा रेखीव येतो. नांगरावरची होडी डुलते, तिची नुसती सावली उरते. डब्यासमोर येऊन “यात काय दिसतं हो?” विचारणारा माणूस दहा सेकंदांत निघून गेला, तर तो चित्रात जवळपास नसतोच.

संध्याकाळी आणखी एक अडचण. प्रकाश अगदी कमी झाला की कागदावर चित्र हिशोबाप्रमाणे उमटत नाही, त्याला हिशोबाहून जास्त वेळ द्यावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ट यांनी ताऱ्यांचे फोटो काढताना हे मोजलं होतं. पुढे कृष्णविवरांच्या गणितात ज्यांचं नाव येतं, तेच हे.

आता खरा पेच. चित्र अधिक रेखीव हवं असेल तर छिद्र नाही, डबा बदलायचा. बिस्किटाच्या डब्याऐवजी पत्र्याची ट्रंक घ्या. अंतर चौपट, ४० सेंटिमीटर. चित्रही लांबी-रुंदीत चौपट. पण रॅले यांच्या हिशोबाने छिद्र फक्त दुप्पट, ०.८ मिलिमीटर. चित्राच्या मानाने ठिपका निम्मा झाला, तपशील दुप्पट मिळाला. आणि त्याची किंमत? एफ ५००. वेळ चौपट, जवळजवळ तीन मिनिटं. तीन मिनिटांत वीसेक लाटा, आणि समुद्र सपाट पांढरा. तटाचा चिरा जितका स्पष्ट मागाल, तितकं पाणी हातून जातं. मला स्वतःला डब्याचं चित्र आवडतं. त्यात लाटांचा काहीतरी खडबडीतपणा शिल्लक असतो. ट्रंक किल्ल्यासाठी.

(दृश्य: ओसरलेलं पाणी, वाळूवर कललेल्या होड्या.)

पण होडी रेखीव हवी असेल तर? त्याचं उत्तर पंचांगात आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, म्हणून दुपारी बाराला ओहोटी. ऊन भरपूर, पण हे भांगाचं पाणी, फार मागे हटत नाही. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, ओहोटी साडेपाचच्या आसपास. उधाणाचं पाणी, दूरवर ओसरतं, होड्या वाळूवर बसतात. उजेड उतरलेला असतो, ट्रंकेला भरपूर मिनिटं लागतील. लागू देत. वाळूवर टेकलेली होडी हलत नाही, आणि पाणी परत यायला अजून अवकाश असतो.