सोमवारी बघू

(दृश्य: तासगाव तालुका. द्राक्षबागेच्या कडेला बेदाण्याचं शेड. जाळीआड रॅकचे रिकामे मजले.)

मे महिना. शेडवरचं काम उरकलंय. बराचसा बेदाणा बॉक्समध्ये भरून कोल्ड स्टोरेजला गेलाय, थोडा तासगावच्या सौद्यात विकला गेलाय. त्याचे पैसे खात्यावर आलेत आणि त्यातले निम्मे बागेच्या औषधांच्या दुकानदाराचे आहेत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. द्राक्षवाल्याच्या घरी पैसा येतो तो आधी उधारीच्या वहीत शिरतो.

या बागायतदारांचं नाव सांगायचं नाही, ही त्यांची अट. भावकीत त्यांना तात्या म्हणतात. आपणही तेच म्हणू.

शनिवारी संध्याकाळी गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फाइल आली. नाव आरटीओ चलन, शेवटी डॉट एपीके, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल. पाठवणारा गावातलाच पोरगा. त्याचा फोन आदल्या दिवशीच भलत्याच्या ताब्यात गेला होता, हे नंतर कळलं. आठवड्यापूर्वी तात्यांची मोटरसायकल मिरजेत नो पार्किंगमधून उचलली होती, त्यामुळे चलन येणार हे मनात होतंच. त्यांनी फाइल उघडली. फोनने काहीबाही विचारलं, त्यांनी ‘अलाऊ’ दाबलं. चलन काही दिसलं नाही. फोन चार्जिंगला लावून तात्या गोठ्याकडे गेले.

“मी ओटीपी कुणालाच सांगितला न्हाई,” हे वाक्य आमच्याशी बोलताना तात्या पाच वेळा म्हणाले. खरंच आहे. सांगावा लागलाच नाही. त्या फाइलने मेसेज वाचायची परवानगी मिळवली होती. ओटीपी तात्यांच्या फोनवर यायचा आणि त्याच क्षणी तिकडेही जायचा.

(दृश्य: बँकेच्या खातेउताऱ्याचा कागद. चार ओळींवर पिवळी खूण.)

६ वाजून ५२ मिनिटं, ९९ हजार. दोन मिनिटांनी पुन्हा ९९ हजार. मग ५० हजार. मग ३८ हजार. एकूण २ लाख ८६ हजार. म्हशीची धार काढून होईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आठच्या सुमाराला तात्यांनी मेसेज पाहिले. उद्या रविवार, बँक बंद. ते म्हणाले, “सोमवारी बघू.”

ही गोष्ट खरं तर इथंच संपायची. ती संपली नाही, कारण पुतणी घरात होती. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिने तात्यांच्या फोनमधलं सिमकार्ड काढलं, स्वतःच्या फोनवरून १९३० लावला आणि म्हणाली, “तात्या, सोमवार कुणाचा? पासबुक आणा तुम्ही.”

१९३० ही ऑनलाइन फसवणुकीत गेलेल्या पैशाची तक्रार घेणारी, केंद्रीय गृहमंत्रालयाच्या यंत्रणेची हेल्पलाइन. २०२१ मध्ये ती सुरू झाली तेव्हा क्रमांक होता १५५२६०. पलीकडून विचारतात ते साधंच असतं: खातं कुठल्या बँकेचं, रक्कम किती, वेळ कोणती, व्यवहाराचा क्रमांक काय. हा लांबलचक क्रमांक बँकेच्या मेसेजमध्येच असतो, म्हणून रागाच्या भरात मेसेज पुसायचे नसतात. तक्रार नोंदली की ती पैसा ज्या बँकेत गेला तिच्यापर्यंत पोचते. पैसा तिथं असेल तर तेवढ्या रकमेवर होल्ड लागतो, म्हणजे ती कुणाला हलवता येत नाही. पुढच्या बँकेत सरकला असेल तर तक्रारही पुढं सरकते.

सांगलीकराला हे नदीवरून पटकन कळेल. कोयना धरणातून पाणी सोडलं की ते सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी चढायला वेळ लागतो. पुलाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. तेवढ्या वेळात जनावरं हलवता येतात, पोती माळ्यावर टाकता येतात. पैशाला हा मधला वेळ नाही. एका खात्यातून तीन, तिनातून नऊ, आणि मग कुठल्या तरी एटीएममधून नोटा. नोटांवर होल्ड लावता येत नाही.

तात्यांचा पैसा पहिल्या दोन खात्यांतून निघून गेला होता. तिसऱ्यात १ लाख १२ हजार ४०० सापडले. बाकीचे गेले.

पहिलं खातं होतं दुसऱ्या राज्यातल्या एका मजुराचं. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम, असा सगळा संच त्याने काही हजारांना भाड्याने दिला होता. चोर पकडला म्हणून बातमी येते तेव्हा बहुतेकदा हाच माणूस सापडलेला असतो.

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड. चहाच्या टपरीवर क्यूआर कोडचा फलक.)

होल्डची एक दुसरी बाजू आहे, तीही सांगून टाकू. चोरीचा पैसा खर्च होत होत एखाद्या सरळ दुकानदाराकडे येतो. कुणी १,४०० रुपयांचा किराणा नेला, पैसे क्यूआरवर टाकले, आणि पंधरा दिवसांनी दुकानदाराचं अख्खं खातं गोठलं. कुठल्या तरी परराज्यातल्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून. मग हा बिचारा बिलाचा कागद घेऊन तिकडच्या ठाण्यात फोन लावत बसतो. यार्डात म्हणून काही व्यापारी अनोळखी गिऱ्हाइकाला अजून रोखच मागतात. त्यांना जुनाट म्हणायची आमची तरी हिंमत नाही.

आता तात्यांच्या पैशाकडे. होल्ड लागला म्हणजे पैसे मिळाले, असं त्यांना वाटलं होतं. सात महिने लागले.

बँकेत त्यांना पहिल्यांदा ऐकवलं गेलं, “फाइल तुम्हीच उघडली ना?” याला एक उत्तर आहे, आणि ते तेव्हा तात्यांकडे नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात लिहिलंय की चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची. दोष बँकेचाही नाही, ग्राहकाचाही नाही, असं असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. चूक ग्राहकाची ठरली तरी, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या अंगावर. म्हणून तक्रार लेखी द्यायची आणि पोचेवर तारीख-वेळ घ्यायची. तात्यांनी पहिली तक्रार तोंडी केली होती.

होल्डमधली रक्कम सोडवायला त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. पूर्वी असे अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४५७ खाली व्हायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली होतात. कोर्टाने तपास अधिकाऱ्यांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं मागवलं. से यायला दोन तारखा गेल्या. मग बंधपत्र: उद्या या रकमेवर दुसऱ्याचा हक्क निघाला तर परत करीन. तात्या म्हणतात, “माझंच पैसं, आन् मीच जामीन.”

(दृश्य: रात्र. ओट्यावर बसलेले तात्या, पाठमोरे.)

या सात महिन्यांतली एक गोष्ट तात्यांनी कॅमेरा बंद झाल्यावर सांगितली. त्यांना विचारूनच ती इथं घेतली आहे.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी फसवणुकीवरच्या एका व्हिडिओखाली आपली हकिगत लिहिली, नंबरासकट. तासाभरात हिंदीत मेसेज आला. रिफंड विभागातून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत. सोबत ओळखपत्र, राजमुद्रा, निळा गोल शिक्का. शिक्क्यात ‘भारत’चा ‘भ’ ‘म’सारखा दिसत होता, हे तात्यांनी आम्हाला बोट ठेवून दाखवलं. तेव्हा मात्र दिसलं नव्हतं. मागणी होती फाइल चार्ज २,५०० रुपयांची. त्यांनी पाठवले. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे ९ हजार मागितले आणि फोनमध्ये स्क्रीन दिसणारं एक अॅप टाकायला सांगितलं. तेव्हा कुठं तात्या थांबले.

एकदा फसलेल्या माणसाला पुन्हा गाठणं हा वेगळाच धंदा आहे. कुणी हॅकर म्हणवतो, कुणी वकील, कुणी थेट सायबर पोलीस. खरं काम कसं चालतं ते आपण आत्ताच पाहिलं: होल्ड, अर्ज, से, बंधपत्र. यात वकिलाची फी असते, ती समोर बसून ठरते. पैसे परत देण्यासाठी आधी पैसे मागणारा रिफंड विभाग त्यात कुठंही नाही.

त्या २,५०० रुपयांचं घरात अजून कुणाला माहीत नाही. पुतणीलाही नाही.

(दृश्य: बँकेचं पासबुक छापण्याचं यंत्र.)

डिसेंबरात एक मेसेज आला. १ लाख १२ हजार ४०० रुपये जमा. तात्यांनी तो उघडला नाही. फोन टेबलावर उताणा ठेवला, टोपी घातली आणि एसटीने तासगावला जाऊन पासबुक छापून घेतलं. त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी खिडकीतल्या मुलाला विचारलं, “हे आता कुणी वढून न्हेत न्हाई न्हवं?”

मग ते तिथूनच औषधाच्या दुकानाकडे वळले.