नेनानाचं स्टेशन

श्रोतेहो, नमस्कार.

२०१६ सालच्या मार्च महिन्यात अलास्कामध्ये एक मालगाडी फेअरबँक्सहून निघाली आणि पावणेसहाशे किलोमीटर दक्षिणेला अँकरेजला पोचली. तिच्या सात वाघिणींमध्ये बर्फ भरला होता. हो, बर्फ. आभाळातून पडतो तोच, साधा, भुसभुशीत बर्फ. अलास्कासारख्या मुलखात, भर हिवाळ्यात, रस्त्यावर पसरायला बर्फ रेल्वेने मागवावा लागला.

कशासाठी? स्लेजच्या, म्हणजे कुत्रे ओढतात त्या बर्फावरच्या बिनचाकी गाड्यांच्या शर्यतीसाठी. इडिटारोड तिचं नाव. १९७३ पासून दर मार्चमध्ये अँकरेजपासून पार पश्चिम किनाऱ्यावरच्या नोम गावापर्यंत, सोळाशे किलोमीटरच्या आसपास ही शर्यत धावते. आणि ती बर्फाची गाडी ज्या रुळांवरून आली, त्याच रुळांवर वाटेत नेनाना नावाचं एक लहानसं गाव आहे. मला आज नेनानाची गोष्ट सांगायची आहे. त्यासाठी आपल्याला शंभर वर्षं मागे जावं लागेल.

जानेवारी १९२५. नोममध्ये घटसर्पाची साथ आली. गावात डॉक्टर एकच, कर्टिस वेल्च. मुलांचे घसे पांढऱ्या पडद्याने बुजत चाललेले, आणि डॉक्टरांकडे जे प्रतिविष होतं त्याची मुदत संपलेली. नवीन मागवलं होतं, पण ते यायच्या आतच बंदर गोठलं. नोमचं बंदर एकदा गोठलं की उन्हाळ्यापर्यंत जहाज नाही. डॉक्टरांनी तारा पाठवल्या. अँकरेजच्या रेल्वे हॉस्पिटलात तीन लाख युनिट प्रतिविष सापडलं. त्या काळची उघड्या बैठकीची विमानं इतक्या थंडीत पाठवायची कशी? गव्हर्नरांनी ठरवलं, कुत्रे नेतील.

काचेच्या कुप्या गोधडीत गुंडाळून धातूच्या नळकांड्यात बंद केल्या. सगळं मिळून नऊ किलो वजन. रेल्वेने हे नळकांडं नेनानाला आणलं, कारण नोमच्या बाजूला रूळ तिथवरच जात होते. ही रेल्वेही तेव्हा नवी कोरी. दोनच वर्षांपूर्वी, १९२३ साली, याच नेनानात राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी सोन्याचा खिळा ठोकून ती पुरी केली होती. २७ जानेवारीच्या रात्री बिल शॅनन नावाच्या टपालवाल्याने नेनानाच्या स्टेशनवर ते नळकांडं आपल्या स्लेजवर बांधलं आणि कुत्र्यांना हाक दिली. पारा उणे पंचेचाळीसच्याही खाली. पुढे नोमपर्यंत जवळजवळ अकराशे किलोमीटर.

वीस माणसांनी हे नळकांडं हातोहात नेलं. एकाने दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. त्यांतले बरेचसे तिथलेच आदिवासी, अथाबास्कन लोक, एरवी टपाल वाहणारे. एडगर कॅलंडचे हात स्लेजच्या दांड्याला गोठून चिकटले आणि ते सोडवायला कढत पाणी ओतावं लागलं, असं सांगतात. चार्ली इव्हान्सचे पुढचे दोन कुत्रे थंडीने गेले. तेव्हा तो स्वतः दोराला जुंपून घेऊन पुढे चालत राहिला.

आणि मग लिओनार्ड सेपाला. मूळचा नॉर्वेचा. त्याचा म्होरक्या कुत्रा टोगो, बारा वर्षांचा. म्हणजे कुत्र्याच्या हिशोबाने म्हाताराच. सेपाला नोमहून उलटा निघाला, औषध घ्यायला सामोरा आला आणि ते घेऊन परत फिरला. वाटेत नॉर्टन साउंड, म्हणजे समुद्राचा आत शिरलेला मोठा फाटा, गोठलेला. किनाऱ्याने वळसा घालायचा तर वेळ जातो. बर्फावरून सरळ जायचं तर वाऱ्याने बर्फ फुटतो. तो सरळ गेला. खाली समुद्र कुरकुरतोय, अंधार, बर्फाचं वादळ, माणसाला काही दिसत नाही. टोगो वासावर आणि पायाखालच्या अंदाजावर वाट काढतोय. ते पार झाले आणि काही तासांतच तो बर्फ फुटला.

शेवटचा टप्पा गुन्नार कासनचा. वाटेत वाऱ्याने स्लेज उलटली, नळकांडं बर्फात पडलं, आणि त्याने हातमोजे काढून उघड्या हातांनी चाचपून ते शोधलं. २ फेब्रुवारीला पहाटे तो नोममध्ये शिरला. नेनाना ते नोम, साडेपाच दिवस! औषध गोठलं होतं, पण कामाला आलं. साथ आटोक्यात आली.

कासनच्या म्होरक्या कुत्र्याचं नाव बाल्टो. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बाल्टोचा पुतळा उभा राहिला. टोगोने धावून काढलेलं अंतर जास्त, वाट जास्त धोक्याची, पण त्या शहरात त्याचा पुतळा व्हायला २००१ साल उजाडलं. हे मला आजही खटकतं. शेवटचा जो दारात येतो त्याच्या गळ्यात हार पडतो, मधल्यांची नावं कुणी विचारत नाही. आपल्याकडेही वेगळं काही नाही. आणि घटसर्पाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस बहुतेक घरांत दिली जाते. पण दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा बूस्टर राहून जातो. तो चुकवू नका.

तर, श्रोतेहो, नेनाना. १९२५ साली याच रुळांवरून औषध उत्तरेला आलं, कारण पुढे बर्फ होता आणि बर्फावर कुत्रे धावत होते. २०१६ साली याच रुळांवरून बर्फ दक्षिणेला गेला, कारण कुत्र्यांना धावायला बर्फ नव्हता. रूळ तेच. अँकरेजमध्ये फोर्थ अव्हेन्यूवर तो बर्फ पसरला, आणि तरीही सलामीची अठरा किलोमीटरची फेरी कापून पाच किलोमीटरवर आणावी लागली. पुढच्याच महिन्यात आपल्याकडे मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी धावली होती, आठवत असेल. जिथं जे असायला हवं तिथं ते नसलं की ते रेल्वेने आणायची पाळी येते.

हे का होतंय? पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो वितळला की खालची काळी जमीन, काळा समुद्र तेच ऊन पिऊन घेतो आणि आणखी तापतो. अशा कारणांनी १९७९ पासून उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. पुन्हा सांगतो, चौपट.

नेनानाच्या लोकांना हे आकडे बाहेरून कुणी सांगायची गरज नाही. १९१७ साली तिथल्या रेल्वेच्या इंजिनियरांनी एक पैज लावली: गावालगतच्या टानाना नदीचा बर्फ कधी फुटेल? बक्षीस आठशे डॉलर. तेव्हापासून दर हिवाळ्यात गोठलेल्या नदीवर एक लाकडी घोडी, म्हणजे तिवईसारखा सांगाडा, उभी करतात आणि तिची तार काठावरच्या घड्याळाला जोडतात. बर्फ फुटून घोडी वाहून निघाली की तार ओढली जाते, घड्याळ थांबतं. दिवस, तास, मिनिट, सगळं नोंदलं जातं. शंभराहून जास्त वर्षांची ही नोंद आज शास्त्रज्ञ वापरतात. पूर्वी बर्फ लवकरात लवकर फुटला तो २० एप्रिलला. २०१९ मध्ये तो १४ एप्रिललाच फुटला. २०१३ मध्ये मात्र तो २० मेपर्यंत टिकला होता, हेही सांगायला हवं, कारण एखाद्या थंड वर्षाकडे बोट दाखवून सगळं ठीक आहे म्हणणारे खूप भेटतात. एका वर्षावर जाऊ नका. शतकभराचा हिशोब पाहा. सरासरीने बर्फ साधारण आठवडाभर आधी फुटायला लागलाय.

शर्यतीचंही तसंच. अँकरेजची फेरी नुसती सलामीची; खरी शर्यत पूर्वी त्याच्या उत्तरेच्या वासिला गावाहून सुटायची. तिथं बर्फ भरवशाचा राहिला नाही म्हणून २००८ पासून ती कायमची आणखी उत्तरेच्या विलो गावाला नेली. २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ मध्ये तर थेट फेअरबँक्सहून सोडावी लागली. फेअरबँक्सहून निघालं की पहिला थांबा कुठला? नेनाना. औषधाच्या त्या धावेला शंभर वर्षं झाली, त्याच २०२५ साली कुत्रे पुन्हा नेनानावरून नोमकडे गेले. सोहळा म्हणून नव्हे, नेहमीच्या वाटेवर पुरेसा बर्फ नव्हता म्हणून. हस्की कुत्र्यांना उणे वीसची थंडी मानवते. ऊब वाढली की ते धापा टाकतात, म्हणून स्लेजवाले दुपारी त्यांना गवतावर झोपवतात आणि रात्री हाकतात.

आणि किनाऱ्याचा शेवटचा पट्टा कुठूनही सुरुवात केली तरी टळत नाही. २०१८ आणि २०१९ च्या हिवाळ्यांत बेरिंग समुद्रात बर्फ विलक्षण कमी धरला. २०२० च्या शर्यतीत व्हाइट माउंटन गावाजवळ वाटेवर पाणी चढलं आणि तिघांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. शर्यतवाले चार दिवसांनी विमानाने घरी जातात, नोमवाले तिथंच राहतात. किनाऱ्याजवळच्या समुद्रबर्फाला भोक पाडून खेकड्यांचे पिंजरे सोडायचे, ही त्यांची हिवाळ्यातली रीत. बर्फ जाड असला तर पिंजरा जागेवर राहतो. पातळ बर्फ वाऱ्याने सुटून गेला की पिंजरे आणि दोर समुद्रात जातात, आणि घरातलं हिवाळ्याचं ताजं खाणंही.