शेवटचे तीन आऊट: मारियानो रिवेराची गोष्ट

४ नोव्हेंबर २००१. अमेरिकेतलं फिनिक्स शहर. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा सातवा, म्हणजे निर्णायक सामना. न्यूयॉर्क यांकीज २-१ ने पुढे आहेत. नववी, शेवटची इनिंग. तीन आऊट काढले की कप आपला. आणि बॉल आहे मारियानो रिवेराच्या हातात. प्लेऑफमध्ये आघाडी राखायला पाठवलं आणि त्याने राखली, असं त्याआधी लागोपाठ २३ वेळा झालेलं.

पुढचं सांगतोच. आधी या माणसाचं काम समजून घेऊ.

बॅटरकडे बॉल टाकणारा तो पिचर, आपल्या बॉलरसारखा. सामना सुरू करतो तो स्टार्टर पिचर. तो दमला किंवा मार खायला लागला की येतो रिलीफ पिचर. ही मंडळी मैदानाच्या कडेला बुलपेनमध्ये बसून असतात. दोन-अडीच तास नुसतं बसायचं, तिथला फोन वाजला की उठायचं, चार बॉल टाकून हात मोकळा करायचा आणि थेट मैदानात. त्यातही जो शेवटी येतो तो क्लोजर. आघाडी तीन रन किंवा त्याहून कमी असताना शेवटची पूर्ण इनिंग टाकून सामना राखला, की त्याच्या नावावर एक ‘सेव्ह’ लागतो. टी-ट्वेंटीत विसावी ओव्हर टाकणाऱ्याच्या पोटात जो गोळा येतो ना, तो या माणसाने वर्षाला साठ-साठ वेळा अनुभवायचा.

रिवेरा पनामातल्या पुएर्तो काइमितो या कोळ्यांच्या गावात वाढला. वडील मासेमारीच्या बोटीवर, पुढे हाही त्याच बोटीवर. लहानपणी ग्लोव्ह पुठ्ठ्याचे. पिचर तर तो नव्हताच. एकदा संघाच्या पिचरला मार पडत होता, तेव्हा हा म्हणाला, मी टाकून बघतो. १९९० मध्ये यांकीजने त्याला घेतलं. १९९५ ला मुख्य संघात आला तो स्टार्टर म्हणून, आणि जमलं नाही. १९९७ पासून क्लोजर.

आता हा बॉल बघा. (बॉल कॅमेऱ्याजवळ धरून) या शिवणीवर १०८ दुहेरी टाके असतात, जपमाळेत मणी असतात तेवढेच. बोटं शिवणीवर अशी, आणि सोडताना मधल्या बोटाचा जोर किंचित जास्त. बॉल सरळ येतोय असं वाटतं आणि अगदी शेवटी सरकतो. हा कटर. आपल्या लेग-कटरच्या जवळचा समजा, पण टप्पा न पडता, हवेतच.

१९९७ च्या उन्हाळ्यात सहकारी रामिरो मेंडोसासोबत तो साधी फेकाफेकी करत होता आणि बॉल आपोआप वळायला लागला. मेंडोसाला तो पकडता येईना. रिवेरा आणि कोच मेल स्टॉटलमायर काही आठवडे तो सरळ करायच्या मागे होते! नाही झाला. मग रिवेराने तो देवाची देणगी म्हणून स्वीकारला आणि उरलेली कारकीर्द बहुतेक त्याच एका बॉलवर काढली. समोरच्याला ठाऊक असायचं काय येणार आहे. डावखुऱ्या बॅटरच्या तर बॉल थेट मुठीकडे शिरायचा आणि बॅट दांड्यापाशी मोडायची.

चला, फिनिक्सला परत. आधी एक हिट. मग बंटवर, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून हळूच ढकललेल्या बॉलवर, रिवेराचाच दुसऱ्या बेसकडचा थ्रो चुकला. टोनी वोमॅकच्या फटक्यावर बरोबरी. शेवटी डावखुरा लुईस गोन्झालेझ. कटर हवा तसा आत शिरला, दांड्याजवळ लागला. एरवी हा सोपा कॅच. पण रन अडवायला इनफिल्डचे, म्हणजे बेसच्या आसपासचे खेळाडू पुढे उभे होते, आणि बॉल दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या शॉर्टस्टॉप डेरेक जीटरच्या डोक्यावरून अलगद गवतात पडला. सिरीज गेली.

इथे मला नेहमी थांबावंसं वाटतं. यांकीज जिंकले असते तर न्यूयॉर्कमध्ये मिरवणूक निघाली असती. ती रद्द झाली म्हणून संघातला एन्रिके विल्सन ठरल्यापेक्षा लवकर घरी, डॉमिनिकन रिपब्लिकला गेला. त्याचं आधीचं तिकीट होतं १२ नोव्हेंबरच्या अमेरिकन एअरलाइन्स ५८७ चं. ते विमान न्यूयॉर्कमध्येच कोसळलं, आतले सगळे २६० जण गेले. रिवेरा नंतर म्हणाला, आपण हरलो ते बरंच झालं, माझा मित्र वाचला.

आकडे थोडक्यात सांगतो. ६५२ सेव्ह, आजही विक्रम. पाच वर्ल्ड सिरीज. प्लेऑफच्या १४१ इनिंगमध्ये, फिल्डिंगच्या चुकांमुळे गेलेले सोडले तर, त्याच्या खात्यावर जमा झालेले रन फक्त ११. मे २०१२ मध्ये सरावात कॅच पकडताना गुडघ्याचा लिगामेंट फाटला, वय ४२. परत आला आणि २०१३ मध्ये ४४ सेव्ह. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या मानाच्या यादीसाठी, ४२५ पैकी ४२५ मतं. असं एकमत त्याआधी कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

२६ सप्टेंबर २०१३, यांकी स्टेडियमवर त्याचा शेवटचा सामना. संघ ४-० ने मागे, त्यामुळे राखायला काहीच नव्हतं. नवव्या इनिंगमध्ये दोन आऊट झाल्यावर त्याला बाहेर न्यायला मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच) नाही, जीटर आणि जुना सहकारी पिचर अँडी पेटिट चालत आले. रिवेरा पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. सामना संपल्यावर तो पुन्हा एकटाच माउंडवर, म्हणजे पिचर जिथून बॉल टाकतो त्या उंचवट्यावर गेला, खाली वाकला आणि तिथली मूठभर माती उचलून घेतली.