गच्चीवरची दुर्बीण आणि गॅमा-किरण स्फोट

[दृश्य: नाशिक, गंगापूर रोड. इमारतीची अंधारी गच्ची. लाल केलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर नुकतीच आलेली सूचना.]

निवेदन:

गॅमा-किरण स्फोट झाल्याची उपग्रहाकडून येणारी सूचना अगदी रुक्ष असते. ट्रिगरची (उपकरणाने स्फोट टिपल्याची) वेळ, विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश), आणि त्या जागेभोवतीच्या अनिश्चिततेची त्रिज्या. दुर्बीण वळवायची की पुन्हा पांघरुणात शिरायचं, हे यातल्या शेवटच्या आकड्यावर ठरतं. त्रिज्या ३ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असेल तर धावायचं. ५ अंश असेल तर, नाशिकच्या गच्चीवरून तरी, तो स्फोट सोडून द्यायचा.

असं का, हे कळायला गॅमा किरणांची दिशा मुळात कशी काढतात ते पाहायला हवं.

प्रचंड वस्तुमानाचा तारा कोसळताना, किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होताना, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने झोत सुटतो. झोत आपल्या रोखाने असेल तर तो आपल्याला गॅमा-किरण स्फोट म्हणून दिसतो. २ सेकंदांपेक्षा जास्त चालला तर दीर्घ, कमी चालला तर लघु, अशी ढोबळ विभागणी. पहिली नोंद २ जुलै १९६७ ची. अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी ती केली आणि ती जगापुढे आली १९७३ मध्ये. पुढची जवळपास पंचवीस वर्षं एकच अडचण राहिली: स्फोट दिसतो, पण तो नेमका कुठे झाला ते कळत नाही.

गॅमा किरण साध्या भिंगाने किंवा आरशाने एका बिंदूत आणता येत नाहीत. त्यामुळे दिशा आडवाटेने काढावी लागते.

[दृश्य: फर्मी उपग्रहाचं रेखाचित्र, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेले शोधक.]

एक वाट फर्मी उपग्रहाची. त्याच्या स्फोट-निरीक्षक उपकरणात सोडियम आयोडाइडचे १२ आणि बिस्मथ जर्मेनेटचे २ शोधक आहेत. स्फोटाकडे थेट तोंड असलेल्या शोधकात जास्त फोटॉन मोजले जातात, तिरक्या शोधकात कमी. या गुणोत्तरांवरून दिशा निघते. पृथ्वीच्या वातावरणावरून आणि उपग्रहाच्या अंगावरून उलटून येणारे किरण त्यात मिसळतात, म्हणून चूक काही अंशांची राहते. फायदा असा की हे उपकरण पृथ्वीआड नसलेलं सगळं आकाश एकाच वेळी पाहतं.

दुसरी वाट घड्याळाची. एकमेकांपासून लांब असलेली दोन यानं तोच स्फोट वेगवेगळ्या क्षणी नोंदवतात आणि त्या फरकावरून आकाशात एक कडं आखता येतं. अंतर १५ कोटी किलोमीटर, म्हणजे ५०० प्रकाश-सेकंद, आणि वेळेतली चूक ०.०५ सेकंद धरा. कोनातली चूक एका रेडियनचा दहा हजारावा भाग, म्हणजे सुमारे २० विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) येते. तीच दोन यानं १५ लाख किलोमीटरवर असती तर चूक अर्ध्या अंशाच्या वर जाते. तिसरं यान मिळालं की दुसरं कडं आणि दोन्ही कडी छेदतात तिथे स्फोट. पद्धत उत्तम, पण लांबच्या यानाकडून माहिती पृथ्वीवर यायला तास, कधी दिवस लागतात.

तिसरी वाट सावलीची आणि आपल्या कामाची खरी तीच. स्विफ्ट उपग्रह २० नोव्हेंबर २००४ ला सुटला. त्याच्या शोधकांच्या एक मीटर वर शिशाच्या सुमारे ५२ हजार चौकोनी तुकड्यांची, मुद्दाम विस्कळीत मांडलेली छत्री आहे. एक तुकडा ५ मिलिमीटर लांब-रुंद आणि १ मिलिमीटर जाड. खाली कॅडमियम-झिंक-टेल्युराइडचे ३२,७६८ तुकडे. जाळीच्या खिडकीची सावली भिंतीवर कुठे सरकली यावरून सूर्य कुठे आहे ते सांगावं, तसं उपग्रहावरचा संगणक त्या नक्षीच्या सरकण्यावरून दिशा काढतो. चूक १ ते ४ कला. मग उपग्रह स्वतःच तिकडे वळतो आणि क्ष-किरण दुर्बिणीने चूक ४-५ विकलांवर आणतो. सगळं बरं जमलं तर हे दोन-तीन मिनिटांत होतं.

या चपळाईचं मोल १९९७ मध्येच कळलं होतं. २८ फेब्रुवारीचा स्फोट इटली-नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने पकडला, सुमारे ८ तासांनी क्ष-किरणांत त्याची मावळती प्रभा (आफ्टरग्लो) पाहिली, आणि यान वान पाराडायस यांच्या गटाने ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्या जागेचा फोटो घेतला. स्फोटाला तेव्हा जवळपास २१ तास झाले होते. आठ दिवसांनी पुन्हा फोटो घेतला, तर एक ठिपका मंदावलेला. दृश्य प्रकाशातला तो पहिला आफ्टरग्लो. त्याच वर्षी मे महिन्यातल्या स्फोटाची ताम्रसृती (प्रकाश लाल बाजूला सरकल्याचं माप; ते जास्त तितका स्रोत दूर) ०.८३५ निघाली आणि हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले नाहीत, अब्जावधी प्रकाशवर्षांपलीकडचे आहेत, हे पक्कं झालं.

[दृश्य: आलेख. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर प्रत (तेजाचं माप; आकडा मोठा तितका ठिपका मंद). रेषा उतरत जाते.]

आफ्टरग्लो ढोबळमानाने वेळेच्या व्यस्त प्रमाणात विझतो. वेळ दहापट झाली की तेज दहा भागांतून एक उरतं, म्हणजे अडीच प्रतींची घसरण. दोन मिनिटांनी १५ व्या प्रतीचा असलेला ठिपका वीस मिनिटांनी १७.५, आणि तीन तास वीस मिनिटांनी २० व्या प्रतीचा. अपवाद आहेत. १९ मार्च २००८ चा स्फोट क्षणभर ५.३ प्रतीपर्यंत गेला होता. अंधाऱ्या जागी नेमकं तिकडे पाहणाऱ्याला तो नुसत्या डोळ्यांनी दिसला असता, आणि त्याची ताम्रसृती होती ०.९३७. पण अशा स्फोटाची आशा धरून यंत्रणा उभारायची नसते.

आता गच्चीवरचं गणित. ८ इंची, ८०० मिलिमीटर नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण आणि २३.५ गुणिले १५.७ मिलिमीटर चिपचा कॅमेरा. एका फ्रेममध्ये आकाशाचा सुमारे १.७ गुणिले १.१ अंशांचा तुकडा येतो. स्विफ्टचं ३ कलांचं वर्तुळ त्यात कुठल्याही कोपऱ्यात मावेल. फर्मीचं ५ अंश त्रिज्येचं वर्तुळ मात्र ७८ चौरस अंशांचं. कडा एकमेकींवर चढवून पन्नासेक फ्रेम. फ्रेमला साठ सेकंद आणि दुर्बीण सरकवायला वीस धरले तर तासाहून जास्त वेळ जातो. तोवर ठिपका गेलेला असतो. ते काम कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या ४७ चौरस अंशांच्या कॅमेऱ्यासारख्यांनी करावं. पण नाशिकला रात्र असते तेव्हा कॅलिफोर्नियात दिवस असतो. आपल्या रेखांशावरच्या दुर्बिणींना म्हणून किंमत आहे: लडाखात हानले इथे २ मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आणि ०.७ मीटरची स्वयंचलित ग्रोथ-इंडिया, इकडे जुन्नरजवळ पुण्याच्या आयुका संस्थेची गिरवलीची २ मीटर दुर्बीण.

नाशिकचा खगोलप्रेमी लगेच म्हणेल, शहरात कशाला, अंजनेरीला जाऊ, त्र्यंबकच्या पुढे जाऊ. बाकी कुठल्याही निरीक्षणासाठी सल्ला बरोबर. इथे हिशेब उलटा पडतो. शहरातली आकाशाची पार्श्वभूमी अडीच प्रतींनी उजळ धरली तरी दुर्बिणीची पोहोच साधारण सव्वा प्रतीने घटते, कारण गोंगाट पार्श्वभूमीच्या वर्गमुळाने वाढतो. आणि सामान गाडीत भरून, तिथे मांडून, दुर्बिणीचा अक्ष ध्रुवाकडे साधून पहिला फोटो निघेपर्यंत तास गेला तर? दोन मिनिटांऐवजी साठाव्या मिनिटाला पोहोचल्याचा तोटा ३.७ प्रतींचा. गच्चीवर कायम जोडून ठेवलेली दुर्बीण उजेडातही जिंकते. (डोंगराच्या कुशीत मोबाइलला रेंज नसते, म्हणजे सूचनाही पोहोचत नाही. आणि उसाच्या कडेला रात्री एकट्याने बसायचं तर बिबट्याचाही विचार करावा लागतो.)

[दृश्य: गच्चीवरचा लोखंडी खांब. पायाजवळ रबर. सरकतं पत्र्याचं छप्पर.]

दुर्बिणीचा खांब स्लॅबच्या मध्यावर उभारू नका, तुळई आणि कॉलम मिळतात त्या जागेवर घ्या. मधोमध असेल तर गच्चीवर कुणी चाललं की तारे लांबट येतात. मे महिन्यात तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि तारे फुगतात. दुपारी ओली पोती टाकली तर थोडा फरक पडतो. पाऊस सरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दव. दुय्यम आरशाला हीटरची पट्टी हवी, नाहीतर पहाटेच्या फ्रेम पुसट. डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. तो धूर पूर्वेच्या आकाशात खाली साचतो, तेव्हा त्या बाजूला ३५ अंशांच्या खालचं लक्ष्य घेऊ नये.

सूचना आल्यावर आधी पाहायचं ते स्फोट खरा आहे का. सौर ज्वाला, कक्षेतले कण, आधीच माहीत असलेले क्ष-किरण स्रोत, अगदी चाचणीच्या सूचनासुद्धा त्याच मार्गाने येतात. संगणकावर सूचना वाचणाऱ्या स्क्रिप्टने (छोट्या प्रोग्रामने) सूचनेतली महत्ता (संकेत गोंगाटाच्या किती वर आहे) आणि चाचणीची खूण वाचलीच पाहिजे. मग उंची ३० अंशांहून जास्त आहे का, सूर्य क्षितिजाखाली १२ अंश गेला आहे का, चंद्र किती जवळ आहे, आकाशगंगेचा पट्टा आडवा येतो का. ९ ऑक्टोबर २०२२ चा विक्रमी स्फोट आकाशगंगेच्या प्रतलाजवळून आला, आणि वाटेतल्या धुळीने त्याचा बराच दृश्य प्रकाश खाल्ला.

एक चूक इथे हमखास होते. सूचनेतले निर्देशांक साल २००० च्या संदर्भचौकटीतले असतात. माउंटने (दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीने) ते आजचे समजून घेतले, तर परांचनामुळे (पृथ्वीच्या अक्षाच्या सावकाश फिरण्यामुळे) दुर्बीण २१ कलांपर्यंत बाजूला जाते. वर्षाला ५०.३ विकला, पंचवीस वर्षांचे तेवढे होतात. मोठ्या चिपमध्ये ते खपून जातं. लहान चिपमध्ये लक्ष्य फ्रेमच्या बाहेर राहतं आणि कित्येक तास रिकामं आकाश टिपलं जातं. पहिल्याच फ्रेमचं तारकांवरून स्थान-निश्चितीकरण करून खात्री करा.

फिल्टर लावू नका, निदान पहिल्या अर्ध्या तासात. आधी १० सेकंदांच्या वीसेक फ्रेम, मग ३० च्या, नंतर ६० आणि १२० च्या. प्रत्येक दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल सरकवा. तसं केलं नाही तर चिपवरचा उष्ण पिक्सेल (सतत उजळ येणारा सदोष ठिपका) फ्रेम एकत्र केल्यावर हुबेहूब तारा होतो, आणि तोही नकाशात नसलेला. वीस फ्रेमच्या बेरजेने पोहोच दीड प्रतीहून थोडी जास्त वाढते. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं हवं.

[दृश्य: दोन फोटो शेजारी शेजारी. डावीकडे जुनं सर्वेक्षण, उजवीकडे आजची फ्रेम. उजवीकडे एक जादा ठिपका.]

जादा ठिपका दिसला म्हणजे आफ्टरग्लो सापडला असं नाही. आधी पॅन-स्टार्स आणि गाया या आकाश-सर्वेक्षणांच्या यादीत तो नाही ना, ते बघा. आयनिकवृत्ताजवळ (सूर्य आणि ग्रहांच्या मार्गाजवळ) असाल तर पहिला संशय लघुग्रहावर: मुख्य पट्ट्यातला लघुग्रह मिनिटाला साधारण अर्धी विकला सरकतो, म्हणजे वीस मिनिटांत दहा विकला. एकाच फ्रेममध्ये दिसून नाहीसा झाला तर वैश्विक किरण किंवा उपग्रहाची चमक. एका जागी आहे पण तेज कमी होत नाही, तर बहुधा यादीतून निसटलेला मंद तारा. जागा स्थिर, सर्व फ्रेममध्ये हजर, आणि तासाभरात मंदावलेला, एवढं जमलं तरच बोलावं.

अनेकदा काहीच दिसत नाही. धूळ असेल, अंतर असेल. ताम्रसृती ६ च्या पुढे गेली की मधला हायड्रोजन दृश्य प्रकाश गिळतो आणि आफ्टरग्लो अवरक्तातच उरतो. २३ एप्रिल २००९ च्या स्फोटाची ८.२ होती. अशा वेळी 'इतक्या वाजता, इतक्या प्रतीपर्यंत काही नाही' हीसुद्धा उपयोगी नोंद. ती लिहिताना एक्सपोजरची मधली वेळ ट्रिगरपासून किती, एकूण एक्सपोजर, फिल्टर, प्रत व तिची चूक किंवा मर्यादा, कोणत्या यादीवरून मोजणी केली, आणि आकाशगंगेतल्या धुळीची दुरुस्ती केली की नाही, हे सगळं हवं. वेळ जागतिक. १५ डिसेंबरच्या पहाटे दोनला नाशिकहून पाहिलेला स्फोट त्या वेळेनुसार १४ तारखेच्या रात्री साडेआठचा आहे, आणि स्फोटाचं नाव तारखेवरून पडतं, म्हणून त्याच्या नावात १४ च येतं.

स्विफ्ट भरात असताना वर्षाला ९० च्या आसपास स्फोट नेमकेपणाने देत आला. ३० अंशांच्या वरचं आकाश म्हणजे पूर्ण आकाशाचा चौथा भाग; अंधाराचे तास ४० टक्के धरा; वरून पावसाळ्याचे चार महिने वजा. उरतात पाच-सहा. त्यातले निम्मे तरी ८ इंचाला जड जातात. अलीकडच्या वर्षांत स्विफ्टची कक्षा खाली येत गेली आहे. २०२४ मध्ये सुटलेले आइनस्टाइन प्रोब आणि एसव्हीओएम हे उपग्रहही नेमक्या जागा देतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये त्यांच्या सूचनाही जोडून ठेवाव्यात.

प्रकाशातला ठिपका संपल्यावर रेडिओ उजळतो, कधी काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी. त्यासाठी नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि तिथल्या निरीक्षकांना तुमच्या पहिल्या तासाच्या मोजणीशी आपले आकडे जुळवून पाहता येतात.

पण ती मोजणी पक्की व्हायला आणखी एक फोटो लागतो. ठिपका पूर्ण विझल्यावर त्याच दुर्बिणीने, त्याच कॅमेऱ्याने, तेवढ्याच एक्सपोजरने घेतलेला, म्हणजे यजमान दीर्घिकेचा (स्फोट झाला त्या दीर्घिकेचा) आणि शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाश वजा करता येतो. महिनाभर थांबून तो घ्यावा. स्फोट मेच्या सुरुवातीला १२ तास विषुवांशाजवळ झाला असेल तर मात्र तितकं थांबू नका: जूनमध्ये ढग येतात, सप्टेंबरात सूर्यच तिथे पोहोचतो, आणि तो तुकडा पहाटेच्या आकाशात पुरेसा वर यायला नोव्हेंबर उजाडतो. तीन आठवड्यांतच, मे संपायच्या आत, तो फोटो घेऊन ठेवा.